मिडलवेटचा सर्वश्रेष्ठ मुष्टियोद्धा कोण?

व्यावसायिक मुष्टियुद्धात मिडलवेट गटाची कमाल वजनमर्यादा १६० पौंड, म्हणजे सुमारे ७२.५ किलो आहे. विजेंदर सिंगने २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवले तो हौशी मिडलवेट गट ७५ किलोंचा होता. मोठ्या गटांतली ताकद आणि लहान गटांतली चपळाई या वजनाच्या खेळाडूंत एकत्र दिसते. शिवाय खालच्या गटातले नामवंत वर चढून आणि इथले धाडसी खेळाडू वरच्या गटात जाऊन लढत आले आहेत. त्यामुळे या गटातला सर्वश्रेष्ठ कोण, हा वाद मुष्टियुद्धप्रेमींत शंभर वर्षे रंगतो आहे. त्यात पाच नावे हमखास पुढे येतात.

विजेतेपद किती वेळा राखले एवढाच निकष धरला, तर या पाचांत फिलाडेल्फियाचा बर्नार्ड हॉपकिन्स सर्वांत पुढे ठरतो. तरुणपणी तुरुंगवास भोगून आलेल्या हॉपकिन्सने १९९५ ते २००५ या काळात सलग २० वेळा आपले विजेतेपद राखले. २००१ मध्ये त्याने फेलिक्स ट्रिनिडाडला आणि २००४ मध्ये ऑस्कर डे ला होयाला नॉकआउट केले. मात्र हे दोघेही खालच्या वजनगटांतून वर आलेले होते आणि त्याचे इतर बरेच प्रतिस्पर्धी त्या दर्जाचे नव्हते.

सातत्यात अर्जेंटिनाच्या कार्लोस मोन्झोनची बरोबरी कठीण आहे. १९७० मध्ये रोम येथे त्याने निनो बेनवेनुतीला बाराव्या फेरीत नॉकआउट करून जगज्जेतेपद जिंकले आणि १४ वेळा राखून १९७७ मध्ये विजेता म्हणूनच निवृत्ती घेतली. कारकिर्दीतले त्याचे तिन्ही पराभव १९६४ पर्यंतचे. त्यानंतर तो कधीच हरला नाही. पुढे आपल्या जोडीदार स्त्रीच्या हत्येबद्दल त्याला शिक्षा झाली. तो कलंक कोणत्याही विजयाने पुसला जात नाही. इथे तुलना आहे ती फक्त रिंगमधल्या कामगिरीची.

मार्व्हिन हॅगलर याच गटात वाढला आणि याच गटात थांबला. १९८० मध्ये लंडनमध्ये अ‍ॅलन मिंटरला तिसऱ्याच फेरीत हरवून तो जगज्जेता झाला. पुढे त्याने १२ वेळा विजेतेपद राखले. त्यातल्या ११ लढती ठरलेल्या फेऱ्यांआधीच संपल्या. शेवटच्या फेरीपर्यंत टिकला तो एकटा रोबेर्तो दुरान. १९८५ मध्ये लास वेगासला टॉमी हर्न्सशी झालेली तीन फेऱ्यांची लढत आजही आवर्जून पाहिली जाते. १९८७ मध्ये शुगर रे लिओनार्डने गुणांवर त्याला हरवले. त्या निकालावर आजही एकमत नाही. हॅगलर पुन्हा रिंगमध्ये उतरला नाही.

शुगर रे रॉबिन्सनला अनेक जाणकार सर्व वजनगटांतला सर्वोत्तम मुष्टियोद्धा मानतात. १७० हून अधिक विजय आणि त्यांत शंभराहून अधिक नॉकआउट अशी त्याची कारकीर्द आहे. १९५१ मध्ये शिकागोत जेक लामोटाला तेराव्या फेरीत हरवून त्याने मिडलवेटचे जगज्जेतेपद पहिल्यांदा मिळवले. एकूण पाच वेळा तो या पदावर बसला. १९५७ मध्ये जीन फुलमरला ज्या एका डाव्या ठोशाने त्याने झोपवले, त्याचा दाखला अजून दिला जातो. पण पाच विजेतेपदांच्या आकड्याला दुसरी बाजूही आहे. टर्पिन, फुलमर, बॅसिलिओ आणि पेंडर अशा चौघांनी त्याच्याकडून हे पद हिसकावले होते. त्याचा ऐन बहर त्याआधीचा, ६६.७ किलोच्या वेल्टरवेट गटातला होता. तो सर्वश्रेष्ठ मुष्टियोद्धा असेलही. सर्वश्रेष्ठ मिडलवेट ठरतोच असे नाही.

उरतो पिट्सबर्गचा हॅरी ग्रेब. १९१३ ते १९२६ या तेरा वर्षांत तो सुमारे ३०० वेळा लढला. त्या काळी अमेरिकेतल्या अनेक राज्यांत गुणांवर निकाल देण्यास कायद्याने बंदी होती. नॉकआउट झाला नाही, तर लढत अनिर्णित नोंदली जाई आणि कोण सरस ठरला हे दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांचे वार्ताहर सांगत. ग्रेबच्या निम्म्याहून अधिक लढती अशा आहेत. म्हणून त्याच्या विजयांचे आकडे पुस्तकागणिक बदलतात.

तरीही त्याने कोणाला हरवले, याबद्दल शंका नाही. २३ मे १९२२ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने आपल्याहून वजनदार जीन टनीला पंधरा फेऱ्या झोडपून हरवले. व्यावसायिक कारकिर्दीत टनी हरला तो ही एकच लढत. पुढच्या लढतींत त्याने ग्रेबवर मात केली आणि नंतर जॅक डेम्प्सीला दोनदा हरवून हेविवेटचा जगज्जेता म्हणून तो निवृत्त झाला. ग्रेबने १९२३ मध्ये मिडलवेटचे जगज्जेतेपद जिंकले आणि १९२५ मध्ये वेल्टरवेट विजेत्या मिकी वॉकरला नमवून ते राखले. हे सगळे घडले तेव्हा त्याच्या एका डोळ्याची दृष्टी अधू होत होती. पुढे ती पूर्णच गेली. १९२६ मध्ये टायगर फ्लॉवर्सने त्याचे पद घेतले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शस्त्रक्रियेनंतर वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ग्रेबचा मृत्यू झाला.

ग्रेबच्या विरोधात एकच मोठा मुद्दा आहे: त्याच्या एकाही लढतीची चित्रफीत आज उपलब्ध नाही. सरावाचे थोडे चित्रण आहे, पण त्यावरून त्याची खरी लढत कळत नाही. रॉबिन्सनचे ठोसे पडद्यावर दिसतात, ग्रेबचे फक्त वाचता येतात. परंतु खेळाडूचे मोल त्याने कोणाला आणि कोणत्या परिस्थितीत हरवले यावर ठरवायचे असेल, तर इतक्या लढती, इतके वजनदार प्रतिस्पर्धी आणि असे अधू डोळ्याचे यश दुसऱ्या कोणत्याही मिडलवेटच्या नावावर नाही. म्हणून सर्वश्रेष्ठ मिडलवेटचा मान हॅरी ग्रेबलाच द्यावा लागतो.