नवा संगणक अडखळू लागला तर

घरात संगणक येणे ही आज खेड्यांतील कुटुंबांतही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. मुलाचा अभ्यास, मुलीचे परीक्षेचे अर्ज, दुकानाचे किंवा बागायतीचे हिशेब, परदेशी नोकरीस गेलेल्या भावाशी बोलणे, ही सारी कामे त्यावर चालतात. पुष्कळ घरी तो तयार न घेता सुटे भाग आणून जुळविला जातो. कधी तालुक्याच्या दुकानात, तर कधी घरातीलच एखाद्या हुशार मुलाच्या हातून. त्यासाठी लागणारे पैसे बहुधा कित्येक महिन्यांच्या काटकसरीतून उभे केलेले असतात.

आणि मग आठ-पंधरा दिवसांतच तो अडखळू लागतो. एक कागद उघडण्यास पाच मिनिटे लागतात, पडदा मध्येच निळा होतो, किंवा अर्ज भरता भरता यंत्र एकाएकी बंद पडते. घरात वाद सुरू होतो. वडील म्हणतात, "तू रात्रंदिवस खेळ खेळून त्याची वाट लावलीस." मुलगा म्हणतो, "बाबा, मी काही केले नाही, दुकानदाराने जुने भाग घातले आहेत." दुकानदार म्हणतो, "यंत्र उत्तम आहे, तुमच्या गावची वीज वाईट." तिघांपैकी एकाचे म्हणणे खरे असू शकेल, परंतु तिघेही पुराव्यावाचून बोलत असतात. दोष शोधण्याची एक सरळ रीत आहे, आणि ती ज्या घरास ठाऊक आहे तेथे पैसा वाचतो व निरपराध माणसावर ठपकाही येत नाही.

नवीन वस्तू बिघडेल कशी, असा प्रश्न पुष्कळांच्या मनात येतो. त्याचे उत्तर असे की, जुळविलेला संगणक ही एक वस्तू नसून सात-आठ वस्तूंचा मेळ आहे. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, पंखे आणि वीज पुरविणारा एसएमपीएस हे भाग निरनिराळ्या कारखान्यांत तयार होतात व आपल्या टेबलावर प्रथमच एकमेकांस भेटतात. प्रत्येक भाग निर्दोष असूनही त्यांची जुळणी सदोष असू शकते. शिवाय कारखान्यातून अशक्त निघालेला भाग बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच आपली दुर्बलता दाखवितो. म्हणून नव्या यंत्राची तक्रार उद्यावर टाकू नये.

प्रथम वही घ्यावी

पेचकस हाती घेण्यापूर्वी वही व पेन्सिल घ्यावी. बिघाड कोणत्या दिवशी, किती वाजता झाला, यंत्र सुरू करून किती वेळ झाला होता, त्या वेळी कोणते काम चालले होते आणि पडद्यावर कोणते शब्द उमटले, हे लिहून ठेवावे. निळ्या पडद्याचे मोबाईलवर छायाचित्र घ्यावे. पाच-सहा नोंदी झाल्या की त्यांतून काही मेळ दिसू लागतो. दर वेळी दुपारीच यंत्र बंद पडत असेल तर उष्णतेचा संशय घ्यावा. पाण्याचा पंप सुरू होताच पडत असेल तर विजेचा. एकच प्रोग्राम उघडताना पडत असेल तर त्या प्रोग्रामचा.

पहिल्या दिवशी मात्र थोडा धीर धरावा. विंडोज नव्याने घातल्यावर कित्येक तास ती पडद्यामागे स्वतःच्या सुधारणा उतरवून घेत असते व फायलींची सूची तयार करीत असते. तेवढा वेळ यंत्र मंद वाटणे स्वाभाविक आहे. डीडीआर-५ जातीची रॅम असेल तर पहिल्यांदा सुरू करताना काही मिनिटे पडदा काळाच राहू शकतो, कारण मदरबोर्ड त्या रॅमची पारख करीत असतो. अशा वेळी घाबरून बटण दाबू नये.

मंदपणाची कारणे

यंत्र चालते पण रेंगाळते, ह्याची कारणे प्रायः साधी असतात. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ह्या तीन कळा एकत्र दाबल्या म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो. प्रोसेसर किती गुंतला आहे, रॅम किती भरली आहे आणि डिस्क किती राबत आहे, हे तेथे आकड्यांत दिसते. जो आकडा शंभर टक्क्यांजवळ अडून बसला असेल तेथून शोध सुरू करावा.

पहिले कारण उष्णता. प्रोसेसर फार तापला म्हणजे जळून जाऊ नये म्हणून तो आपली गती आपणच कमी करतो. आजच्या पुष्कळ प्रोसेसरांची ही मर्यादा ९५ ते १०० अंश सेल्सियस असते. जड काम देताच काही क्षणांत तापमान ह्या मर्यादेस भिडत असेल, तर त्यावरील पंख्याची बैठक नीट नाही असे समजावे. पंख्याच्या तळाशी कारखान्यातून आलेला पातळ प्लास्टिकचा पापुद्रा काढावयाचा राहून जातो, थर्मल पेस्ट लावलेलीच नसते, चारांपैकी एक स्क्रू सैल असतो, किंवा पंख्याची वायर मदरबोर्डला जोडलेली नसते. शिवाय कोणताही पंखा प्रोसेसरला खोलीतील हवेहून थंड करू शकत नाही. ग्वाल्हेर किंवा वडोदऱ्याच्या उन्हाळ्यात खोलीच चाळीस अंशांवर गेली असता बंद कपाटात कोंबलेल्या संगणकाची काय गत होत असेल, ह्याचा विचार करावा. त्याच्या मागे-पुढे वीतभर मोकळी जागा सोडावी.

दुसरे कारण रॅमची जागा. चार खाचा असलेल्या बहुतेक मदरबोर्डांवर दोन पट्ट्या बसवावयाच्या असल्यास प्रोसेसरकडून मोजता दुसऱ्या व चौथ्या खाचेत बसवाव्या लागतात. खात्रीसाठी मदरबोर्डाची पुस्तिका पाहावी. जागा चुकली किंवा एकच पट्टी घातली, तर माहितीची ये-जा दोन वाटांऐवजी एकाच वाटेने होते.

तिसरे कारण ऐकून हसू येईल, परंतु ते नित्याचे आहे. महागडे ग्राफिक्स कार्ड घेतलेले असते आणि पडद्याची केबल मात्र मदरबोर्डाच्या भोकात खोचलेली असते. मग कार्ड स्वस्थ बसून राहते. केबल कार्डावरच्या भोकात घालताच यंत्राची चाल बदलते.

चौथे कारण डिस्क. विंडोज जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर घातली असेल तर नवा प्रोसेसरही तिच्या मागे ताटकळत राहतो. ती एसएसडीवरच असावी, आणि एसएसडीही काठोकाठ भरू नये. पाचवे कारण म्हणजे चोरीची विंडोज. फुकट मिळालेल्या अशा प्रतीबरोबर पुष्कळदा विषाणूही घरात येतात व यंत्राची शक्ती आतून खात राहतात. शिवाय विंडोज १० चा नेहमीचा आधार कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपविला आहे. नव्या यंत्रावर विंडोज ११ ची अस्सल प्रत किंवा विनामूल्य मिळणारी लिनक्स प्रणाली घालावी.

बंद पडण्याची कारणे

बंद पडण्याचे तीन प्रकार आहेत व ते वेगळे ओळखले पाहिजेत. दिवा विझावा तसे यंत्र एका क्षणात विझत असेल, तर वीज किंवा उष्णता ह्यांपैकी एकाचा संशय प्रथम घ्यावा. निळा पडदा येऊन यंत्र पुन्हा सुरू होत असेल, तर रॅम किंवा ड्रायव्हर ह्यांच्याकडे वळावे. चित्र जागच्या जागी गोठून माउसही हलेनासा झाला, म्हणजे ज्याला आपण हँग होणे म्हणतो, तर ड्रायव्हर, डिस्क व रॅम ह्या तिन्ही गोष्टी तपासाव्या.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर नावाच्या नोंदवहीत अशा वेळी 'कर्नेल-पॉवर ४१' अशी नोंद सापडते, आणि ती वाचून कित्येकजण एसएमपीएस बदलून टाकतात. वस्तुतः त्या नोंदीचा अर्थ एवढाच की यंत्र रीतीप्रमाणे बंद न होता एकाएकी थांबले. का थांबले, हे ती नोंद सांगत नाही.

विजेची परीक्षा अशी करावी. संगणक भिंतीतील अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटला सरळ जोडून पाहावा. एकाच एक्स्टेंशन बोर्डावर इस्त्री, फ्रीज व संगणक असे बिऱ्हाड थाटू नये. आपल्याकडील वीज २३० व्होल्टची धरलेली असली तरी गावाच्या टोकाच्या घरांत ती संध्याकाळी पुष्कळ खाली येते. एखाद्या नातेवाइकाच्या घरी नेऊन तोच संगणक दोन दिवस चालवून पाहिला, तर वीज दोषी की यंत्र, हे पैशाशिवाय कळते. एसएमपीएसची पेटी मात्र कोणीही उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्या आत जिवावर बेतणारी वीज काही काळ साठून राहते.

रॅमची परीक्षा त्याहून सोपी आहे. विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक हा प्रोग्राम विंडोजमध्ये असतोच. अधिक कसून तपासावयाचे असल्यास मेमटेस्ट नावाचा विनामूल्य प्रोग्राम पेनड्राइव्हवर घालून रात्रभर चालवावा. त्यात एकही चूक दिसली तरी रॅमची वेगमर्यादा पाहावी. खोक्यावर छापलेला मोठा वेग पुष्कळदा एक्सएमपी किंवा एक्स्पो नावाच्या सवलतीने मिळविलेला असतो, आणि तो प्रत्येक प्रोसेसरला झेपतोच असे नाही. बायोसमध्ये जाऊन ती सवलत बंद करावी व पुन्हा तपासावे. चुका थांबल्या तर वेग जास्त होता. न थांबल्या तर एकेक पट्टी वेगळी लावून पाहावी, म्हणजे दोषी कोणती ते उघड होईल.

ह्या सर्व शोधात एक नियम कधीही मोडू नये: एका वेळी एकच बदल करावा, तो वहीत लिहावा, आणि मग थांबून पाहावे. घाबरून एकदम चार बदल केले आणि यंत्र सुधारले, तरी कशाने सुधारले ते कळत नाही. बिघडले, तर गोंधळ दुप्पट होतो. हाताळताना प्लग काढावा आणि आतील भागांना स्पर्श करण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा, म्हणजे अंगातील स्थिर वीज निघून जाते. आणि सर्वांच्या आधी महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे ठेवावी. भाग पुन्हा विकत मिळतो, वर्षभर लिहिलेला हिशेब मिळत नाही.

पडद्यावरचा शब्द आणि खरा दोष

दोष एकीकडे आणि ठपका दुसरीकडे, असे केवळ आपल्या घरांतच घडते असे नव्हे. साऱ्या जगात गाजलेले एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. इंटेल कंपनीने २०२२ साली १३ व्या व २०२३ साली १४ व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर बाजारात आणले. त्यांतील वेगवान प्रोसेसर घेतलेल्या अनेकांचे संगणक काही काळाने खेळ उघडताना कोसळू लागले. पडद्यावर शब्द येत की ग्राफिक्स कार्डाची स्मृती अपुरी पडत आहे. साहजिकच कोणी कार्डाला दोष दिला, कोणी खेळ लिहिणाऱ्यांना, कोणी मदरबोर्ड बनविणाऱ्यांना. ज्यांनी त्या शब्दांवर विसंबून नवे कार्ड आणले त्यांचा पैसा वाया गेला, कारण कोसळणे थांबले नाही.

अखेर जुलै २०२४ मध्ये कंपनीने सांगितले की प्रोसेसरच स्वतःसाठी वाजवीपेक्षा अधिक व्होल्टेज मागून घेत होता व त्याने आतून झिजत होता. ऑगस्ट २०२४ पासून बायोसमधून ह्यावरील सुधारणा देण्यात आली आणि त्या प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनी वाढविण्यात आली. परंतु ही सुधारणा पुढील झीज टाळते. आधीच झिजलेला प्रोसेसर बदलूनच घ्यावा लागतो. ज्यांच्या घरी ह्या पिढ्यांचा प्रोसेसर आहे त्यांनी बायोस नवा आहे की नाही हे अवश्य पाहावे. बायोस बदलताना मात्र वीज जाता कामा नये. यूपीएस असल्यावाचून ते काम करू नये.

हक्काची गोष्ट

दोषी भाग सापडला म्हणजे पावतीची आठवण होते, आणि ती बहुधा सापडत नाही. म्हणून खरेदीच्या दिवशीच प्रत्येक भागाची पक्की पावती घ्यावी, तिच्यावर भागाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा आणि खोकी हमीची मुदत संपेपर्यंत माळ्यावर जपून ठेवावी. दुकानदाराकडे जाताना ती वही बरोबर न्यावी. "यंत्र चालत नाही" असे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकास परत पाठविणे सोपे असते. "पट्टी एकटी लावली असता तीन वेळा चुका आल्या, ही छायाचित्रे पाहा" असे म्हणणाऱ्यास परत पाठविणे कठीण असते. तरीही दाद न मिळाल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार आहे, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ ह्या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते.

पालकांना शेवटी एवढेच सुचवावेसे वाटते की, यंत्र बिघडले त्या संध्याकाळी मुलावर रागावण्यापूर्वी त्याच्या शेजारी बसावे आणि वहीतील नोंदी त्याच्याबरोबर वाचाव्यात. कदाचित दोष त्याचाच निघेल, कदाचित दुकानाचा, कदाचित सैल राहिलेल्या एका स्क्रूचा. तो नक्की झाल्यावर बोलण्यास वेळ पुष्कळ आहे. आणि ज्या मुलाने वडिलांच्या देखत धीराने, एकेक पायरी तपासून दोष शोधून काढला, त्याला पुढे कोणत्याही कामात ती सवय उपयोगी पडेल.