पाण्यावर उभं टेनिसचं गाव

मार्चमध्ये दक्षिण कॅलिफोर्नियाच्या कोआचेला खोऱ्यात हवा मोठी सुखाची असते. डोंगरमाथ्यावर बर्फ, खाली खजुराच्या बागा आणि सोसवेल असं ऊन. जुलैत इथेच पारा ४५ अंशांपुढे जातो. इंडियन वेल्स या जेमतेम पाच हजार वस्तीच्या शहराचं अर्थकारण या सुखाच्या महिन्यांवर चालतं आणि हंगामाचा कळस म्हणजे इथली टेनिस स्पर्धा.

नावातल्या विहिरी खऱ्याच होत्या. कहुइया आदिवासी वाळूत उतरता खड्डा खणत, पायऱ्या पाडत आणि थेट पाण्यापर्यंत पोचत. आपल्या बारवेची ही बिनदगडी बहीणच. १८६२ नंतर ॲरिझोनातल्या सोन्याच्या मागे निघालेले लोक याच पाण्याच्या आधाराने वाळवंट ओलांडत. पुढे खजुराची शेती आली, मग सुट्टी घालवायला येणारे बडे लोक. नट देसी अर्नाझने १९५७ मध्ये इथे हॉटेल काढलं, राष्ट्राध्यक्षपदावरून उतरलेले आयझेनहॉवर हिवाळ्यात इथे राहू लागले आणि १९६७ मध्ये गावाची रीतसर नगरपालिका झाली.

स्पर्धा मात्र बाहेरून आलेली. ती १९७४ मध्ये ॲरिझोनातल्या टूसानला सुरू झाली, दोन वर्षांनी या खोऱ्यात आली आणि इथल्या क्लब-हॉटेलांच्या अंगणात फिरत राहिली. पोर्तो रिकोचे माजी खेळाडू चार्ली पासारेल यांनी ती हाती घेतली. १९८७ मध्ये ती इंडियन वेल्समध्ये स्थिरावली, १९८९ पासून महिलाही खेळू लागल्या. २००० साली १६,१०० आसनांचं स्टेडियम उभं राहिलं. २००९ मध्ये ओरॅकल कंपनीचे लॅरी एलिसन यांनी स्पर्धाच विकत घेतली.

इथलं कोर्ट खेळाडूंना कोड्यात टाकतं. कोरड्या हवेतून चेंडू सुसाट येतो, पण पृष्ठभाग खरखरीत असल्यामुळे टप्पा पडताच तो मंदावतो आणि खांद्याच्या उंचीपर्यंत उसळतो. दुपारी बिनतोड वाटणारी सर्व्हिस रात्री गारठा वाढला की परतू लागते.

सगळंच गोड नाही. २००१ मध्ये व्हीनस विल्यम्सने बहीण सेरेनाविरुद्धच्या उपांत्य सामन्यातून ऐन वेळी माघार घेतली. त्यानंतरच्या अंतिम सामन्यात प्रेक्षकांनी सेरेनाची हुर्यो उडवली. आपल्यावर वर्णद्वेषी शेरेबाजी झाल्याचं विल्यम्स कुटुंबाने सांगितलं. सेरेना परतली ती थेट २०१५ मध्ये. त्याच वर्षी सानिया मिर्झाने मार्टिना हिंगिससह इथलं दुहेरीचं विजेतेपद मिळवलं. २०२३ मध्ये रोहन बोपण्णाने वयाच्या ४३ व्या वर्षी मॅथ्यू एब्डनच्या साथीने तेच साधलं.

२०२० मध्ये कोरोनामुळे स्पर्धा सुरू होण्याच्या तोंडावर रद्द झाली, तेव्हा हॉटेलं आणि त्यांच्या करावर चालणारी नगरपालिका यांना हंगाम बुडणं म्हणजे काय ते कळलं. २०२५ मध्ये प्रेक्षकसंख्या पाच लाखांवर गेली. एवढ्या लोकांसाठी राखलेले तलाव, हिरवळी आणि गोल्फची मैदानं मात्र खोऱ्याच्या भूजलावर आणि कोलोरॅडो नदीच्या पाण्यावर जगतात. उपसा भरून काढायला नदीचं पाणी तळ्यांत सोडून जमिनीत मुरवावं लागतं. ती नदीही आता आटत चालली असून सात राज्यं तिच्या वाटणीवरून भांडत आहेत. गावाचं भवितव्य त्या वाटणीत ठरेल; टेनिसचंही.