इजाऱ्याच्या गावातली शिवारफेरी

यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांची महसुली यादी वाचताना एक गोष्ट लक्षात येते. कित्येक गावांच्या नावापुढं ‘इजारा’ हा शब्द लागलेला असतो. लहानपणी मला ते गावाचं आडनाव वाटायचं! त्याचा खरा अर्थ उमगला तो फाल्गुनात, अशाच एका गावचं शिवार पायी फिरताना.

सोबत त्याच गावचे एक काका होते, सत्तरी ओलांडलेले. आम्ही टेकडीवरून निघालो. वरची जमीन बरड, मुरमाड. तिच्यावर सालई, धावडा आणि पानं झडलेला साग. सागाचा पाचोळा पायाखाली इतका वाजतो, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मोहाखालची जागा मात्र जाळून साफ केलेली होती; पहाटे पडलेली फुलं वेचायला सोपं जावं म्हणून. याच सवयीनं कधीकधी रानाला वणवा लागतो, हेही खरंच.

उतार संपला, मुरूम जाऊन काळी माती लागली आणि जंगलही तिथंच थांबलं. ही सीमा काही निसर्गानं आखलेली नाही. लढाया आणि दुष्काळ यांनी या भागातली अनेक गावं उजाड झाली होती आणि त्यांच्या काळ्या मातीवरही रान माजलं होतं. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. पुढं १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला एकदम भाव आला. त्याच सुमारास, १८६५ मध्ये, सरकारनं पडीक जमिनींचे नियम केले. उजाड गाव अख्खंच्या अख्खं एका माणसाला मुदतीच्या करारानं द्यायचं. त्यानं रान तोडावं, कुळं आणून वसवावीत, जमीन वाहितीखाली आणावी. अटी पाळल्या तर मुदतीनंतर त्याला गावावर कायमचा हक्क मिळण्याची सोय होती. हा झाला इजारा, आणि घेणारा तो इजारदार.

रान तोडलं ते अर्थात इजारदारानं नव्हे.

पांदणीनं आम्ही गावाकडं वळलो. दोन्हीकडं उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग, कुठं काढणीला आलेला हरभरा. गावाच्या अलीकडं इजारदाराचा वाडा, माळवद खचलेला, आणि मागं आमराई. ऊन एवढं, तरी आत गारवा होता. वऱ्हाड तेव्हाच्या मध्य प्रदेशात असताना १९५० च्या कायद्यानं इजारदारी संपली. गावावरचा हक्क गेला, पण वाडा आणि घरवहिवाटीची जमीन घराण्याकडं राहिली. इथली मंडळी आता शहरात असतात.

काका एका झाडापाशी थांबले. “हा शेंद्र्या. माया आजानं कावडीनं पाणी आनून जगवला. सालदार होता थो. आंबे खाले आमाले कोनी कधी नाही म्हटलं नाही. पन झाड त्यायचं.”

बाजारात कलमी आंबा आल्यापासून गावरान आंब्याला भाव उरला नाही. शेंद्र्या, खोबऱ्या, शेप्या ही नावं त्या त्या झाडाची, आणि कोयीपासून आलेलं झाड दुसऱ्यासारखं निघेलच असं नाही. म्हणजे झाड तुटलं की ती चव संपली. झाडतोडीवर नियंत्रण ठेवणारा १९६४ चा कायदा आपल्याकडं आहे आणि त्याच्या यादीत साग, मोह यांच्याबरोबर आंबाही आहे. परवानगीशिवाय तो तोडता येत नाही. पण परवानगी मागतो तो मालक. ज्याच्या आजानं पाणी घातलं, त्याला कोण विचारणार? मला वाटतं, निदान तोडण्याआधी फांद्या घेऊन कलमं तरी बांधावीत. काकांना मी तसं म्हटलं. ते म्हणाले, “पोराले सांगतो.”

काही बुंध्यांवर चुन्यानं आकडे टाकलेले होते. आम्ही मोजले. तेवीस झाडं, त्यांतल्या नऊ झाडांवर आकडे. शेंद्र्यावर सात होता.