रोलरवरची गाडी

मे महिन्यातली दुपार. पुण्याबाहेरच्या एका शेडमध्ये स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस २३० ताकद मोजणाऱ्या डायनोवर चढवलीय. पुढची चाकं रोलरवर, गाडी चारी बाजूंनी पट्ट्यांनी जखडलेली. नाकासमोर मोठा पंखा घोंघावतोय, तरी पत्र्याखाली घामाच्या धारा लागल्यात.

ट्यूनर चौथा गिअर धरून अॅक्सिलरेटर तळाला टेकवतो. टर्बोची शिट्टी चढत जाते, छातीत हादरे बसतात, साडेसहा हजार आरपीएमला पाय उचलतो. चाकांवर २७४ पीएस! कंपनीतून निघताना या गाडीच्या इंजिनचीच ताकद २३० पीएस होती. मालक टाळीसाठी हात पुढे करतो. ट्यूनरची नजर लॅपटॉपवरून हलत नाही.

"थांबा दादा, अजून दोन रन होऊ द्या."

दुसरा रन. लगेच तिसरा. आकडा २५८.

मी त्याच्या खांद्यावरून लॉग वाचतेय. टर्बोनं दाबलेली हवा तापते. तिला गार करणारा इंटरकूलर आता स्वतःच तापलाय. इंजिनात शिरणारी हवा ६४ अंशांवर गेलीय. एवढ्या गरम हवेत मिश्रणाचा उरलेला भाग ज्योत पोचण्याआधीच भडकतो. हेच नॉकिंग. सेन्सरला ते ऐकू येतं आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, ठिणगी उशिरा पाडतो. तिसऱ्या सिलिंडरला ४ अंश. १६ पीएस गेले ते असे, आणि पिस्टन वाचला तोही असाच.

पहिल्या रनचा कागद भिंतीवर लावणारे पुष्कळ भेटतात. मला हा तिसऱ्या रनपर्यंत थांबणारा माणूस फार मोलाचा वाटतो.

तो ईसीयूसाठी दोन मॅप लिहितोय. रस्त्याचा ९५ ऑक्टेनवर: बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, आवरलेला, पहिल्या दोन गिअरांत टॉर्क कापलेला, नाहीतर पावसात कात्रजच्या चढावर पुढची चाकं नुसतीच फिरतील. "आईला शेजारी बसवून निघालात तरी झटका बसता कामा नये."

ट्रॅकचा मॅप १०० ऑक्टेनवर. मालकाला कोइमतूरच्या करी स्पीडवेवर जायचंय. तिथे लॅपमागून लॅप, इंजिनला उसंत नाही. म्हणून मिश्रणात पेट्रोल जास्त. ते सिलिंडर गार ठेवतं. हवा ५५ अंशांपुढे गेली की बूस्ट आपोआप उतरणार.

"पण तीनशे तरी..." मालक चाचरतो.

"पाचव्या लॅपला किती उरतात ते बघू, दादा."

तो बॉनेटखाली वाकून इंटरकूलरच्या पाइपला तळहात लावतो, झटकन मागे घेतो.

"अजून दहा मिनिटं. पंखा चालू राहू दे."