पृथ्वी पडेल तरी कुठे?

चाळीसगावहून पाटणादेवीला जाणाऱ्यांनी तिथल्या शिलालेखाची माहिती जरूर करून घ्यावी. लेख 1207 सालचा, संस्कृतातला आणि शेवटी जुन्या मराठीतला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यादव राजा सिंघणाच्या दरबारात ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने पाटण्याला मठ काढला, आणि निकुंभ राजांनी त्याला दान दिलं. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख उजेडात आणला.

मठात ‘सिद्धान्तशिरोमणी’ शिकवायचा होता. 1150 सालच्या या ग्रंथातल्या गोलाध्यायात एक साधा प्रश्न आहे: आधार नसलेली पृथ्वी पडत का नाही? भास्कराचार्य सांगतात, पृथ्वीच्या अंगी ओढून घेण्याची शक्ती आहे. जड वस्तू ती आपल्याकडे ओढते, तेच आपल्याला पडणं दिसतं. तिच्या भोवती मात्र सगळीकडे सारखंच आकाश आहे, मग ती पडेल तरी कुठे? गोलाच्या पलीकडची माणसं पाण्यातल्या प्रतिबिंबासारखी उलटी असतात, तरी आपल्याइतकीच निर्धास्त उभी राहतात.

न्यूटनच्या आधी गुरुत्वाकर्षण आपल्याकडे सापडलं, असं पुष्कळदा अभिमानाने सांगतात. मला तो दावा पटत नाही. चंद्रालाही तीच ओढ धरून ठेवते आणि अंतर दुप्पट झालं की ती चौथ्या हिश्श्यावर येते, हे गणित न्यूटनने 1687 मध्ये मांडलं. ते गोलाध्यायात नाही. तिथे आहे ती वेगळी, फार सुंदर गोष्ट: आकाशाला स्वतःचं वर-खाली नसतं. आर्यभट आणि ब्रह्मगुप्त यांच्यापासून चालत आलेला हा विचार भास्कराचार्यांनी लख्ख केला.

पुढचा प्रश्न शाळकरी मुलंही विचारतात. चुंबक ओढतो तसा लोटतोही, मग गुरुत्व का लोटत नाही? चुंबकाच्या दोन ध्रुवांसारखेच विद्युतभारही धन आणि ऋण असे दोन जातींचे असतात. वस्तुमान एकाच जातीचं, ऋण वस्तुमान कुणालाही सापडलेलं नाही. शंका होती ती प्रतिद्रव्याची, म्हणजे उलट विद्युतभाराच्या कणांनी बनलेल्या द्रव्याची: ते वर तर जाणार नाही? जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये अल्फा प्रयोगातल्या शास्त्रज्ञांनी प्रतिहायड्रोजनचे अणू चुंबकीय सापळ्यातून हळूहळू सुटू दिले. 2023 मध्ये निकाल आला: तेही खालीच पडतात.

तरी लोटणारं गुरुत्व ही निव्वळ कल्पना नाही. आइनस्टाइनच्या समीकरणांत वस्तुमानाबरोबर दाबही मोजला जातो, आणि तो पुरेसा ऋण असला तर ओढीचा रेटा होतो. जयंत नारळीकर आणि फ्रेड हॉईल यांनी 1960च्या दशकात विश्वाच्या प्रसरणामागे ऋण ऊर्जेचं एक क्षेत्र मानलं होतं. प्रसरण पावतानाही कायम सारखंच राहणारं त्यांचं ‘स्थिर स्थिती’ विश्व बहुतेकांनी स्वीकारलं नाही. पण प्रसरणाचा वेग वाढतो आहे, असं 1998 मध्ये दूरच्या सुपरनोव्हांवरून दिसलं. त्यामागच्या कारणाला आज कृष्ण ऊर्जा म्हणतात. आपल्या आकाशगंगेच्या आत तिचा जोर जाणवत नाही; दीर्घिकासमूहांमधल्या अफाट अंतरांवरच ती ओढीवर मात करते.