कॅबिनेटमधला पत्र्याचा डबा

घरचा डेस्कटॉप एके दिवशी सुरूच झाला नाही, की बहुतेक घरांत एकच निदान होतं: बोर्ड गेला. कधी ते खरंही निघतं. पण कॅबिनेटच्या मागच्या बाजूला चार स्क्रूंनी बसवलेल्या पत्र्याच्या डब्याची चौकशी झाल्याशिवाय बोर्डावर खापर फोडणं अन्यायाचं आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या दुकानापर्यंत सगळे त्याला एसएमपीएस म्हणतात. संगणक घेताना प्रोसेसर कोणता, रॅम किती, हे दहादा विचारलं जातं. एसएमपीएस कोणता, हे विचारणारा विरळाच.

खरं तर सगळ्यात कष्टाचं काम त्याच्याकडे आहे. भिंतीतले 230 व्होल्ट आत आले की डायोड त्यांना एकाच दिशेला वळवतात आणि एका मोठ्या कपॅसिटरवर सुमारे 325 व्होल्ट साठतात. मग ट्रान्झिस्टर हा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडतात-जोडतात, आणि त्यातून 12, 5 आणि 3.3 व्होल्टचे स्थिर पुरवठे तयार होतात. या वेगामुळेच आतला ट्रान्सफॉर्मर मुठीत मावतो. 1977 च्या ॲपल टू संगणकासाठी रॉड होल्ट यांनी याच तत्त्वावरचा पुरवठा तयार केला, म्हणून ते यंत्र पंख्याशिवाय चालू शकलं.

पुढचा मोठा बदल 1995 चा. इंटेलने एटीएक्स रचना आणली आणि पुढचं बटण मुख्य वीज तोडणारं राहिलं नाही, ते फक्त इशारा देऊ लागलं. तेव्हापासून प्लग लावलेला संगणक 'बंद' असला तरी जागा असतो: जांभळ्या तारेवर 5 व्होल्ट सतत असतात. बटण दाबलं की मदरबोर्ड हिरवी तार ग्राउंडला जोडतो. एसएमपीएस उठतो, सगळे व्होल्टेज जागेवर आले की अर्ध्या सेकंदाच्या आत करड्या तारेवरून 'ठीक आहे' असा निरोप देतो. तो मिळेपर्यंत प्रोसेसर थांबवून ठेवलेला असतो.

चांगला मेकॅनिक ही साखळी क्रमाने तपासतो, आणि त्याचं सगळं कसब या क्रमात आहे. आधी सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून बघायचा, मग स्पाइक गार्ड, पॉवर केबल, एसएमपीएसच्या पाठीवरचा छोटा स्विच. नंतर मल्टिमीटरची टोकं जांभळ्या आणि काळ्या तारेवर. तिथे 5 व्होल्ट दिसले, तर बोर्डावरून बटणाची बारीक वायर काढून त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडायच्या. पंखा फिरला, तर दोष फक्त बटणाचा. अशा वेळी नवा बोर्ड गळ्यात मारणं ही लूटच.

तरीही नाही उठला, तर एसएमपीएस सगळ्या भागांपासून सोडवून, तारेच्या तुकड्याने हिरवी आणि काळी जोडून पाहतात. इथे फसगत होते. पंखा फिरला म्हणजे पुरवठा निरोगी, असं नाही. 12 व्होल्टच्या तारेवर भाराखाली 11.4 ते 12.6 च्या मध्येच आकडा हवा. भार पडताच तो कोसळला, तर डबा बदलायला हवा. पंखा क्षणभर हलून थांबत असेल, तर बहुधा कुठेतरी शॉर्ट आहे. मग बोर्ड, प्रोसेसर आणि एक रॅम एवढंच ठेवून बाकीचं एकेक जोडत जायचं. पंखा चालू पण पडदा काळा, ही तक्रार मात्र वेगळी. तिथे रॅम काढून तिचे सोनेरी संपर्क खोडरबराने पुसण्याचा देशी उपाय अजूनही पुष्कळदा कामी येतो.

एक दुखणं आवर्जून सांगायला हवं. वर्षानुवर्षं सुरळीत चाललेला संगणक, दिवाळीत घरचे गावाला जाताना प्लग काढून जातात आणि परतल्यावर तो उठतच नाही. जांभळ्या तारेचं सर्किट रात्रंदिवस तापत असतं, त्यातल्या छोट्या कपॅसिटरमधला द्रव हळूहळू सुकतो. चालू सर्किट तसंच रेटत राहतं. एकदा वीज तुटली की नव्याने सुरू व्हायची ताकद उरत नाही. गावाला जाण्याचा काही दोष नसतो, बिघाड आधीच झालेला असतो.

कपॅसिटरांनी मोठ्या कंपन्यांनाही रडवलंय. या शतकाच्या सुरुवातीला निकृष्ट कपॅसिटर जगभरच्या बोर्डांवर फुगू लागले. डोक्यावरचा सपाट पत्रा वर येतो, कधी तपकिरी चिकट द्रव बाहेर झिरपतो. 2005 मध्ये डेलला सदोष भागांमुळे बिघडलेल्या ऑप्टिप्लेक्स संगणकांपायी 30 कोटी डॉलरचा खर्च हिशेबात धरावा लागला.

असा फुगलेला कपॅसिटर मदरबोर्डावर दिसला, तर चिप लेव्हल काम करणारा कारागीर तो बदलून बोर्ड वाचवू शकतो. एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही त्या मोठ्या कपॅसिटरवर जिवाला धोका होईल इतका दाब शिल्लक असू शकतो. नवा घ्यायची वेळ आली, तर खोक्यावरच्या मोठ्या वॉटच्या आकड्यावर जाऊ नये; लेबलवर 12 व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत, ते दुकानातच वाचून घ्यावं.