वाचकाच्या बाजूचं पान

सकाळी ९. ग्रंथालय वाचकांसाठी दहाला उघडतं. तोवर रात्री लावलेलं इंडेक्सिंग पुरं झालंय का ते पाहते. जुन्या मराठी मासिकांची स्कॅन केलेली पानं, ओसीआरने काढलेला त्यांचा मजकूर आणि तो शोधणारं अपाचे सोलर, एवढं तयार आहे. वाचकाला दिसणारं शोधाचं पान कसं असावं, ते आज ठरवायचं. सोलरचं स्वतःचं ॲडमिन पान वाचकाला देता येत नाही. उघडं ठेवलं तर तिथून कुणीही अख्खा इंडेक्स पुसू शकतो. त्यामुळे मध्ये आपलं पान हवंच.

१०. तयार पर्याय दोन. व्हिलानोव्हा विद्यापीठाच्या ग्रंथालयात घडलेलं, पीएचपीतलं व्हूफाइंड. आणि व्हर्जिनिया विद्यापीठात सुरू झालेलं, रुबी ऑन रेल्सवरचं ब्लॅकलाइट. दोन्ही मुक्त, दोन्ही सोलरवर चालतात. व्हूफाइंडची घडण ग्रंथसूचीच्या नोंदींभोवती झाली आहे आणि आमच्याकडे तर शोधायचं ते एकेक पान. ब्लॅकलाइट हवं तसं वाकवता येतं, पण आमच्याकडे रुबी येणारं कुणी नाही. दोन वर्षांनी सुरक्षेचे अपडेट कोण करणार, या प्रश्नापुढे देखणेपणा मला दुय्यम वाटतो.

११.३०. ग्रंथपाल मॅडम एका नेहमीच्या अभ्यासकांना घेऊन येतात. कच्च्या पानावर ते ‘नाव’ असं लिहितात आणि जेमतेम काही पानं येतात. कारण सरळ आहे. शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२चे; त्याआधीच्या छपाईत ‘नांव’, ‘कांहीं’, ‘मुलें’. म्हणजे आजच्या लेखनाने शोधणाऱ्याला जुनी मासिकं जवळजवळ बंदच.

“ताई, सगळे अनुस्वार काढून टाकू या का?” शेजारचा सहकारी विचारतो. तसं केलं तर ‘रंग’ आणि ‘रग’ एक होतील. सोलर ज्यावर उभं आहे त्या ल्यूसीनमध्ये हिंदीसाठी असलेला नॉर्मलायझेशन फिल्टर लावून पाहिला, तर तो ‘ऱ’चा ‘र’ करतो, दीर्घ वेलांटी ऱ्हस्व करतो. ‘दऱ्या’ शोधणाऱ्यासमोर ‘दर्या’ येतो, ‘दीन’ शोधणाऱ्यासमोर ‘दिन’. हिंदीत हे चालत असेल, मराठीत अर्थच बदलतो. शिवाय ‘दऱ्या’ टाइप करण्याच्याही दोन रीती आहेत: कुणी ‘ऱ’ वापरतं, कुणी ‘र्’ पुढे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, इंजिनला मात्र वेगळे. हे दोन्ही एक करायलाच हवेत, आणि तेही ते जोडचिन्ह पुसून टाकायच्या आधी.

मग ठरतं ते असं. इंडेक्समध्ये दोन रकाने: एक जसं छापलंय तसं, दुसरा सैल, म्हणजे जुनं आणि नवं लेखन एक मानणारा. सैल शोध आधी चालेल, पण निकालांच्या माथ्यावर स्पष्ट लिहिलेलं असेल: ‘नाव, नांव या दोन्ही रूपांत शोधले. फक्त नाव शोधा.’ इंजिनाने आपल्या शब्दाचं काय केलं हे वाचकाला कळलंच पाहिजे. अभ्यासक त्या ओळीवर बोट ठेवून म्हणतात, “हे असू द्या.”

१.३०. डबा.

२. आकड्यांचं काम सोपं निघतं. कुणी वर्ष देवनागरीत लिहितं, कुणी इंग्रजी आकड्यांत. दोन्ही एक करणारा फिल्टर ल्यूसीनमध्ये आहेच. ‘मनोरंजन’ मासिकाचा १९०९चा दिवाळी अंक मागणाऱ्याला आता कीबोर्ड बदलावा लागणार नाही.

३. मोबाइल. उच्चाराप्रमाणे टाइप करणारा कीबोर्ड अर्धवट अक्षरं पाठवत राहतो आणि प्रत्येक अर्धवट अक्षराला आमचं पान सूचना मागत बसतं. शब्द पुरा होईपर्यंत थांबायला सांगितलं. सापडलेला शब्द पिवळा करतानाही जपावं लागतं: ‘वाड्यात’मधला नुसता ‘वाड’ रंगवला, तर काही ब्राउझरांत पुढचं जोडाक्षर तुटून ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ दिसतं. अख्खा शब्दच रंगवायचा. ओळींमधलं अंतर वाढवलं, वेलांट्या कापल्या जात होत्या.

४.३०. काहीच न सापडल्यावरचं पान. यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवते. ‘निकाल नाही’ एवढंच वाचून माणूस उठून जातो आणि ते साहित्य अस्तित्वातच नाही असं समजतो. ओसीआरने अक्षर चुकीचं वाचलेलं असू शकतं, हे तिथे लिहिलं. वर्षाप्रमाणे आणि मासिकाप्रमाणे पानं चाळण्याचे दुवे दिले. शोधलेला शब्द पत्त्यातच राहील असं केलं, म्हणजे सापडलेलं दुसऱ्याला पाठवता येईल.

६. निर्णय वहीत लिहिला: व्हूफाइंड नाही, ब्लॅकलाइट नाही, पीएचपीतलं आपलं छोटं पान, मागे बंद दाराआड सोलर. वर्ष आणि मासिकाची गाळणी बाजूला ठेवायची कल्पना मात्र त्या दोन्हींकडूनच घेतली. मराठीसाठी असं काही उभं करणाऱ्यांना एक विनंती: शोध सैल ठेवा, पण ‘जसं लिहिलं तसंच शोधा’ हा पर्याय पहिल्याच पडद्यावर द्या.